एका बैठकीत संपणारी गोष्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मालिका बघत नाही. चित्रपट बघते, एका भागात संपणाऱ्या कथा बघते आणि जमेल त्याला बघायला लावते. परभणीसारख्या गावात संध्याकाळी सात ते दहा ही घरोघरी मालिकांची वेळ. त्यामुळे शेजारी, नातेवाईक, शाळेतले सहकारी, कधी विद्यार्थीसुद्धा याबद्दल हटकून विचारतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे.

मालिका नाही, तर मग नक्की काय बघता?

एक तर चित्रपट. दुसरं म्हणजे ज्यात माणसं तीच असतात पण प्रत्येक भागात नवी गोष्ट सुरू होऊन तिथंच संपते ते कार्यक्रम. 1993 मध्ये दूरदर्शनवर आलेलं बासू चॅटर्जींचं ‘ब्योमकेश बक्षी’ तसं होतं. त्यातल्या काही कथा दोन भागांत आहेत, पण त्यापुढं ताणलेल्या नाहीत. तिसरा प्रकार म्हणजे माणसंही दर वेळी वेगळी. शंकर नाग यांनी 1986 मध्ये आणलेलं ‘मालगुडी डेज’ बघा. स्वामीची गोष्ट अनेक भागांत जाते, पण बाकी बहुतेक कथा एकेका भागात पुऱ्या होतात. गाव तेवढं कायम.

मालिकेत एवढं वाईट काय असतं?

अभिनय वाईट नसतो. मराठी मालिकांत रंगभूमीवरचे कसलेले कलावंत काम करतात आणि रोज तेरा-चौदा तास उभे राहून करतात. संवाद लिहिणारेही कुशल असतात. माझी तक्रार एकाच ठिकाणी आहे: शेवट कुणाच्याच हातात नसतो.

रोजची मालिका सुरू होते तेव्हा ती कधी संपणार हे ठरलेलं नसतं. दर गुरुवारी प्रेक्षकसंख्येचे आकडे येतात आणि पुढची दिशा त्यावर ठरते. आकडा चढला की लग्न लांबतं. आकडा घसरला की कुणाची तरी स्मृती जाते, एखादा मेलेला माणूस परत येतो, कथा सात वर्षं पुढं उडी मारते. चित्रीकरण प्रसारणाच्या थोडेच दिवस पुढं असतं, त्यामुळे कलाकार आजारी पडला किंवा सोडून गेला तर त्या पात्राला गावाला पाठवावं लागतं किंवा चेहराच बदलावा लागतो. अशा घाईत लेखकाला स्वतःचं म्हणणं मांडायला जागा कुठून मिळणार?

आणि गोष्ट सांगणाऱ्याला काय म्हणायचंय, ते मला शेवटात ऐकायचं असतं. सुनेवर अन्याय झाला हे दाखवणं सोपं. त्या अन्यायाचं पुढं काय झालं, कुणी किंमत मोजली, कोण बदललं, कोण बदललं नाही हे ठरवताना लेखकाला बाजू घ्यावी लागते. ज्या गोष्टीला शेवटच नाही तिला बाजू घ्यावीच लागत नाही. तीन-तीन वर्षं एकच बाई रडते आणि तिच्या रडण्याबद्दल कुणी काहीच म्हणत नाही, याचा मला मनापासून त्रास होतो.

पण पुढं काय होईल ही ओढ, तीच तर मजा ना?

ओढ मलाही आवडते. रहस्यकथेत तर तीच असते. फरक इतकाच की तिथं ओढ लावणारा माणूस त्याच रात्री उत्तर द्यायला बांधील असतो. मालिकेत भागाच्या शेवटी दार उघडतं, सगळे वळून बघतात, ढोल वाजतात, आणि दुसऱ्या दिवशी दारात दूधवाला असतो. हे वर्षभर झालं की आपलं आश्चर्य बोथट होतं. मग खरोखर मोठी घटना घडली तरी आत काही हलत नाही.

वेळेचा एवढा हिशेब करायचा का?

मी करते, कारण हिशेब सोपा आहे. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वगळून साधारण 22 मिनिटांची गोष्ट असते. आठवड्याचे सहा भाग धरले तर 132 मिनिटं, म्हणजे सव्वादोन तासांचा एक पूर्ण चित्रपट. एक मालिका वर्षभर बघणं म्हणजे 52 चित्रपटांचा वेळ, आणि आपल्याकडं कुठल्याच घरात एकाच मालिकेवर थांबत नाहीत. ‘चार दिवस सासूचे’ 2001 ते 2013 चालली, तीन हजारांहून जास्त भाग झाले. एवढ्या वेळात माणूस जगभरातला उत्तम सिनेमा बघून पुन्हा आवडता सिनेमा दुसऱ्यांदा बघायला मोकळा होतो.

‘आमच्या आईला तेवढाच आधार आहे. मुलं पुण्याला, घरात ती एकटी. तिनंही बंद करावं का?’

नाही. हा प्रश्न मला फार जवळचा वाटतो, कारण असं घर आता आपल्याकडं प्रत्येक गल्लीत आहे. लातूर, बीड, परभणी, नांदेडची लेकरं पुण्यात नोकरीला, आणि इथं आई किंवा वडील दोघांपैकी एक. त्यांच्यासाठी साडेसातला टीव्हीवर येणारी माणसं म्हणजे घरात कुणीतरी आल्यासारखं असतं. त्या माणसांचं काय झालं यापेक्षा ती आज आली, हे महत्त्वाचं. ही सोबत कुणी काढून घेऊ नये.

मी फक्त एक सुचवते. फोन करता तेव्हा ‘जेवलीस का’ यानंतर बोलायला काही राहत नाही, असं बरेच जण सांगतात. आठवड्यातून एक चित्रपट दोघांनी आपापल्या घरी बघावा, तुम्ही पुण्यात आणि आई सेलूत, आणि रविवारी त्यावर बोलावं. संपलेल्या गोष्टीवर आई जे बोलते ते ऐकण्यासारखं असतं. साठ वर्षं माणसं बघितलेली बाई आहे ती.

‘आमचा रात्रीच्या लाईटीचा आठवडा असला की बघणं होतच नाही. मग धागा तुटतो.’

हा तर एका भागात संपणाऱ्या गोष्टींच्या बाजूचा सगळ्यात खणखणीत मुद्दा आहे, आणि तो मला एका शेतकऱ्यानं सांगितला. शेतीपंपाची वीज बऱ्याच ठिकाणी पाळीनं येते, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या पाळीत माणूस दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला रानात. घरी आल्यावर मालिकेत कोण कुणाचं काय झालं ते विचारत बसायचं.

ऊसतोडीला जाणाऱ्यांचं आणखी अवघड. दिवाळीच्या आसपास टोळ्या निघतात त्या पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत, पाच-सहा महिने, उसाच्या फडात आणि कोपीवर, म्हणजे झोपडीत. सलग रोज अमुक वाजता पडद्यासमोर बसण्याची अट घालणारी करमणूक अशा माणसांना धरूनच चालत नाही. संपूर्ण गोष्ट मात्र मोबाईलमध्ये भरून नेता येते, जमेल त्या रात्री बघता येते आणि मध्ये महिना गेला तरी काही बिघडत नाही.

ही आवड शहरातल्या, इंग्रजी बघणाऱ्या लोकांची आहे, असं म्हणतात. खरं का?

मला हे अजिबात पटत नाही. उलट मराठवाड्याइतकी एका बैठकीत गोष्ट पुरी करण्याची सवय असलेला मुलूख शोधावा लागेल.

पैठणपासून सुरुवात करू. सातवाहनांच्या काळातली गाथासप्तशती हाल राजाच्या नावानं ओळखली जाते, महाराष्ट्री प्राकृतात. सातशे गाथा, आणि प्रत्येक गाथा दोन ओळींत आपल्यापुरती पूर्ण. गोदावरीकाठची एखादी बाई, तिचा परगावी गेलेला नवरा, शेजारीण, पाऊस. कुठलीही गाथा उघडावी, आधीची वाचलेली असण्याची गरज नाही. बृहत्कथा रचणारा गुणाढ्यही परंपरेनं याच प्रतिष्ठानच्या, म्हणजे पैठणच्या दरबारातला मानतात. त्या बृहत्कथेवरून पुढं अकराव्या शतकात काश्मीरमध्ये सोमदेवानं कथासरित्सागर रचला, त्यात वेताळाच्या पंचवीस कथा आहेत. राजा तोच, प्रेत तेच, झाड तेच. पण दर खेपेला नवी गोष्ट, शेवटी एक कोडं आणि राजाचं उत्तर. टीव्हीवाल्यांनी ज्याला नंतर स्वतंत्र भागांचा कार्यक्रम म्हटलं त्याचा आराखडा हाच.

अजिंठ्यात जाऊन भिंती बघा. पहिल्या लेण्यात राज्य सोडून निघालेला महाजनक. सतराव्या लेण्यात सगळं दान देणारा विश्वंतर आणि स्वतःचे सुळे शिकाऱ्याला देणारा सहा दातांचा हत्ती. या जातककथा, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या गोष्टी. सगळ्या जातकांचा नायक एकच, बोधिसत्त्व. जन्म वेगळा, प्रसंग वेगळा, आणि प्रत्येक गोष्ट भिंतीवर आपल्यापुरती पूर्ण होते. दूरवरून आलेला वाटसरू दिव्याच्या उजेडात एक भिंत बघून पुढं गेला तरी त्याला काहीतरी पुरं मिळालेलं असे. दीड हजार वर्षांपूर्वीच्या चित्रकारांनी बघणाऱ्याचा एवढा विचार केलेला आहे, याचं मला प्रत्येक वेळी नवल वाटतं.

मग लीळाचरित्र. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा केल्या त्या लीळा म्हणूनच, एकेक प्रसंग सुटा. कितीतरी लीळा पैठणच्याच. काही तर चार-पाच वाक्यांत संपतात आणि दिवसभर डोक्यातून जात नाहीत.

आणि एवढं मागं जायचं नसेल तर गावातल्या सप्ताहात बसा. सात दिवस कीर्तन असतं, पण रोजचा कीर्तनकार वेगळा आणि अभंगही वेगळा. बुवा एक अभंग घेतात, दोन तास त्याच्याभोवती दृष्टांत रचतात आणि त्याच अभंगावर येऊन थांबतात. बुधवारचं कीर्तन हुकलं म्हणून गुरुवारी काही अडत नाही. माळेगावच्या यात्रेत तमाशाच्या फडात गण-गवळण-बतावणी होऊन वग सुरू झाला की तो पहाटेपर्यंत संपवावाच लागतो. प्रेक्षक दुसऱ्या दिवशी आपापल्या गावाला जाणार, हे फडमालकाला माहीत असतं.

मग पोथीचं काय? श्रावणात रोज एक अध्याय, ही मालिकाच झाली की!

एका ताईंनी हे विचारलं तेव्हा मला फार आवडलं, कारण मुद्दा बिनतोड वाटतो. नवनाथ भक्तिसाराचे 40 अध्याय क्रमानं लावतात, हे खरं. पण दोन गोष्टी बघा. पोथीचे अध्याय किती, ते पहिल्या दिवशीच माहीत असतं. समाप्तीचा दिवस आणि त्या दिवशीचा स्वयंपाकसुद्धा ठरलेला असतो. दुसरं म्हणजे अध्याय बहुधा आपल्यापुरता पुरा होतो. म्हणून तर शिवलीलामृताचा अकरावा अध्याय एकटा रोज वाचण्याची रीत पडली. मालिकेचा साडेचारशेवा भाग असा एकटा काढून कुणी बघेल का?

त्यामुळे क्रमानं चालणाऱ्या गोष्टीशी माझं भांडण नाही. ‘महाभारत’ 1988 ते 1990 या काळात 94 भाग चाललं, पण शेवट आधीच माहीत होता आणि तो बदलण्याची मुभा कुणालाच नव्हती. गोविंद निहलानींचं ‘तमस’ 1988 मध्ये दूरदर्शनवर भागाभागांनीच आलं. संपायचं तिथं संपलं. अशा कामापुढं मी हात जोडते.

तासाभरात पात्र खुलतं का? माणूस कळायला वेळ लागतो.

प्रत्यक्षात लागतो. गोष्टीत मात्र योग्य प्रसंग लागतो. भास्कर चंदनशिव यांची ‘लाल चिखल’ ही कथा अनेकांनी शाळेत वाचलेली असेल. बाजारात टोमॅटोला भाव मिळत नाही आणि बाप स्वतः पिकवलेला माल स्वतःच्या पायांनी तुडवतो. पाच-सहा पानांची कथा. त्या बापाचं बालपण, लग्न, भावबंदकी यातलं आपल्याला फार थोडं कळतं. पण तो माणूस आयुष्यभर विसरत नाही. आपण मोंढ्यात, शेतमालाच्या बाजारात जाऊन आलेली माणसं आहोत, आपल्याला बाकीचं सांगावं लागत नाही.

पडद्यावरचं उदाहरण हवं तर 1957 चा ‘12 अँग्री मेन’ बघा, किंवा त्यावरून बासू चॅटर्जींनी हिंदीत केलेला ‘एक रुका हुआ फैसला’. एक खोली, बारा माणसं, एका मुलाच्या जिवाचा निर्णय. मूळ चित्रपट 96 मिनिटांचा आहे. एवढ्यात बाराच्या बारा स्वभाव वेगळे कळतात, कारण प्रत्येकाला काहीतरी ठरवावं लागतं. मालिकेतल्या माणसांना वर्षानुवर्षं ठरवू दिलं जात नाही, म्हणून शंभर भागांनंतरही ती पहिल्या भागात होती तिथंच असतात.

पोलंडच्या क्रिस्तॉफ किस्लोव्स्कीनं 1980 च्या दशकाच्या शेवटी दूरचित्रवाणीसाठी ‘डेकालॉग’ केलं. जवळपास तासाभराच्या दहा फिल्म्स, सगळ्या वॉर्सातल्या एकाच वसाहतीत घडणाऱ्या. एका गोष्टीतला माणूस दुसरीत जिन्यावरून जाताना दिसतो, तेवढाच संबंध. दहापैकी कुठलीही आधी बघा. मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा आपल्या एखाद्या वाड्यावर किंवा कॉलनीवर असं काही व्हावं असं वाटलं, आणि अजूनही वाटतं.

‘सीआयडी’ वीस वर्षं चाललं. ते बरं चालतं तुम्हाला?

हो, चालतं. 1998 ते 2018, दीड हजारांहून जास्त भाग. पुढं क्वचित कथा दोन-तीन भागांत गेल्या, पण मूळ रीत एका भागात गुन्हेगार सापडण्याची. 2004 मध्ये तर 111 मिनिटांचा एक अख्खा भाग एकाच सलग शॉटमध्ये घेतला होता. कार्यक्रम किती वर्षं चालतो याला माझी हरकत नाही. आज बसलेल्याला आज काही पुरं मिळालं की नाही, एवढंच मी बघते.

वेब सिरीज तर आठ-दहा भागांत संपते. ती का नाही?

काही बघते. ‘चेर्नोबिल’ पाच भागांत संपतं आणि एकही भाग जादा वाटत नाही. पण बऱ्याच सिरीजमध्ये दोन तासांचा ऐवज आठ तासांवर पसरलेला असतो. पहिला भाग जोरात, शेवटचे दोन जोरात, मधले चार नुसते फिरत राहतात. 2013 मध्ये नेटफ्लिक्सनं ‘हाउस ऑफ कार्ड्स’चे 13 भाग एकाच दिवशी टाकले, तेव्हापासून रात्रभर बसून बघण्याची पद्धत रूढ झाली. पुढचा भाग आपोआप सुरू होतो, थांबायचं कुठं हे सांगणारं कुणी नसतं. शिवाय हल्ली शेवट मुद्दाम अर्धा ठेवतात, दुसऱ्या सीझनसाठी, आणि तो सीझन पुष्कळदा येतच नाही. प्रेक्षकाला असं टांगून ठेवणं मला अन्यायाचं वाटतं.

लातूरला शिकवणीसाठी राहिलेल्या पोरांना मी हेच सांगते. ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेचा अभ्यास करताना करमणूक नको असं मुळीच नाही. अर्ध्या तासात संपणारं काहीतरी बघा, बंद करा, डोकं मोकळं होतं. अर्धवट गोष्ट डोक्यात ठेवून रसायनशास्त्र उघडलं की दोन्हीचं वाटोळं.

घरात टीव्ही एकच, आणि सासूबाईंना मालिका हवी असते.

मालिका चालू असताना मागणी करू नका. रविवारी बऱ्याच मालिकांना सुट्टी असते, तो दिवस धरा. आणि पहिल्याच दिवशी अडीच तासांचा गंभीर चित्रपट लावू नका. ‘मालगुडी डेज’चा एक भाग अर्ध्या तासाच्या आत होतो, तो संपल्यावर सासूबाईंना काय वाटलं ते विचारा आणि मध्ये न बोलता ऐकून घ्या. पुढच्या रविवारी त्याच विचारतील. नाही विचारलं तर सोडून द्या. घरातली शांतता कुठल्याही चित्रपटापेक्षा मोठी.

लेकरांना काय दाखवावं?

1985 चं ‘विक्रम और बेताल’. तंत्र आजच्या मानानं साधं आहे, पण कोडं अजून ताजं आहे. वेताळानं प्रश्न विचारला की तिथं थांबवा आणि लेकरांना उत्तर विचारा. आमच्या शाळेत एकदा यावरून वर्गात दोन तट पडले होते आणि तास संपल्यावरही वाद चालू राहिला. दूरदर्शनचा जुना साठा प्रसार भारतीच्या यूट्यूब वाहिनीवर आणि 2024 मध्ये आलेल्या वेव्हज ॲपवर शोधून बघा.

मोठ्यांनी सुरुवात कुठून करावी?

मराठीतून. ‘एलिझाबेथ एकादशी’ आधी बघा: पंढरपूर, कार्तिकी एकादशी, विकायला निघालेली सायकल आणि ती वाचवायला निघालेली पोरं. वारीला जाणाऱ्या घरात या चित्रपटाची ओळख करून द्यावी लागत नाही. त्यानंतर ‘श्वास’. आजोबा नातवाला गावाकडून पुण्याच्या दवाखान्यात आणतात, ऑपरेशननं जीव वाचणार पण दृष्टी जाणार. आपल्या भागातून किती माणसं असंच पेशंट घेऊन मोठ्या शहरात जातात! दवाखान्याच्या बाकावर कागद सांभाळत बसलेला तो आजोबा आपल्यातलाच आहे. मग ‘कोर्ट’. तो संथ आहे, घाई करू नका.

रहस्य आवडत असेल तर ब्योमकेश, आणि इंग्रजी चालत असेल तर ‘कोलंबो’. त्यात खून कुणी केला हे सुरुवातीलाच दाखवतात. चुरगळलेल्या कोटातला तो साधा दिसणारा पोलीस पोचतो कसा, हे बघायचं असतं.

ज्यांना हसायचंच आहे त्यांना वेगळं सांगायला नको, ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ बहुतेक घरांत पोचलेलीच आहे. तिथलं प्रत्येक प्रहसन दहा-पंधरा मिनिटांत सुरू होऊन संपतं, आणि लोक तेच तेच पुन्हा बघतात. संपलेली गोष्टच पुन्हा बघावीशी वाटते, हे माझं म्हणणं त्यातून आपसूक सिद्ध होतं.

हळदीकुंकवाला सगळ्या जणी मालिकांवरच बोलतात. मी गप्प पडते.

गप्प पडू नका, विचारा. ‘तिनं असं का केलं असेल?’ एवढं विचारलं की मालिकेवरची चर्चाही माणसांवर येते, आणि तिथं तुम्हाला बोलायला भरपूर असतं. जमलं तर त्याच बैठकीत एक चित्रपट सांगा, अख्खा, शेवटासकट. आपल्याकडं बायका पूर्वी चित्रपट बघून आल्या की धुणं धुताना पूर्ण गोष्ट सांगायच्या, गाण्यांसकट. ऐकणारीनं तो चित्रपट कधी बघितलेला नसायचा, तरी तिला तो पाठ असायचा.

रविवारचा दोन तासांचा महाएपिसोड तरी चालेल का?

तो संपतो का, ते बघा. ‘पुढील भागात’ अशी पाटी आली तर नाही.